समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा

रात्रीं बोदवड स्टेशनावर उभें राहून समोरून येणाऱ्या आगगाडीकडे पाहिलें, म्हणजे दिव्याच्या तेजानें डोळे दिपतात; परंतु मागें डबे किती, हें समजत नाहीं. गामा किरणांनीं झळकणाऱ्या क्वेसारांची गोष्ट बरीचशी अशीच आहे. क्वेसार म्हणजे दूरच्या आकाशगंगेचा अतितेजस्वी गाभा. तेथील प्रचंड कृष्णविवराजवळून कणांचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें निघतात, आणि ज्यांचा रोख आपल्याकडे असतो, तेच बहुधा गामा किरणांत विशेष उजळ दिसतात. १९६३ सालीं मार्टेन श्मिट यांनीं ओळखलेला ३सी २७३ हा क्वेसार त्यांपैकींच. तो दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षें दूर आहे.

२००८ सालीं अंतराळांत सोडलेली फर्मी दुर्बीण गामा किरणांचा भडका टिपते. परंतु तो झोताच्या कोणत्या भागांत उठला, हें तिच्या चित्रावरून कळत नाहीं. तें काम रेडिओ दुर्बिणींचें. निरनिराळ्या खंडांतील दुर्बिणी एकत्र जोडून झोतांतील तेजस्वी गांठी पाहतां येतात. कित्येक क्वेसारांत भडक्याच्या सुमारास नवी गांठ बाहेर सरकतांना दिसली आहे. भडका कृष्णविवराच्या लगत उठतो कीं पुष्कळ पुढें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

"याचा आम्हांस उपयोग काय?" असें पालक विचारतील. ज्यांस मुलाची फी कापसाच्या पैशांतून भरावी लागते, त्यांनीं तें विचारावेंच. त्यांस आम्ही खोडदच्या तारेचें उत्तर देऊं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळील या गांवीं प्रा. गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारिल्या. भरीव पत्रा घेतला असता, तर वाऱ्याचा जोर सोसण्यास अवजड व महाग सांगाडा लागला असता; म्हणून पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी ताणून बसविली. लांब रेडिओ लहरींस जाळीचीं छिद्रें जाणवत नाहींत! अशाच लहरींत झोतांनीं पूर्वीं दूरवर फेकलेलें, आतां मंदावलेलें द्रव्य चांगलें दिसतें; म्हणजे मागचे डबे. याच स्वरूपांनीं १९६५ सालीं कल्याण येथें ऑस्ट्रेलियाहून भेट आलेल्या ३२ लहान तबकड्या मांडून आरंभ केला होता. मुंबईस जातांना कल्याण आम्हां सर्वांस लागतें. हें किती जणांस ठाऊक आहे?

आमच्या मतें शाळेची सहल एक वर्ष अजिंठ्याऐवजीं खोडदला न्यावी. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास तेथें शाळकरी मुलांच्या प्रयोगांचें प्रदर्शन भरत आलें आहे. मोबाईल मात्र बंद ठेवावे लागतील. क्वेसाराची लहर इतकी क्षीण, कीं खिशांतला फोन तिच्यावर सहज मात करितो.