पायाखालची डबी आणि देवापुढचा स्वर

सुरतेच्या मराठी वस्तीतील एका देवालयाच्या समितीने गेल्या चातुर्मासात ठराव केला की, भजनात यापुढे विद्युत-गिटार वाजवू नये. त्या वाद्याने अभंगाचा भाव मरतो. आम्ही त्या भजनास उपस्थित होतो. भाव मेला, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मारेकरी कोण, याची चौकशी न करता जो प्रथम हाती लागला त्यास शिक्षा ठोठावणे, हा न्याय नव्हे.

वाजविणारा तरुण दिवसा यंत्रमागावर राबतो आणि एकादशीस देवळात येतो. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये, पायाखाली, त्याने कॉम्प्रेसर नावाची डबी ठेवली होती. तिचे काम एवढेच की, मोठा स्वर दाबावा आणि लहान स्वर उचलावा. अशा डब्यांत १९७० च्या दशकातील अमेरिकन 'डायना कॉम्प' प्रसिद्ध आहे. तिच्या रचनेत १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर १५० किलोओहमच्या रेझिस्टरमधून भरत जातो. दोहोंचा गुणाकार दीड सेकंद. म्हणजे तार एकदा जोराने छेडली की दाबलेला आवाज पूर्ववत होण्यास तितका अवधी लागतो. गिटारचा एकच स्वर लांबवर टिकविण्यास हे ठीक; पण द्रुत लयीच्या गजरात दीड सेकंदात कितीतरी स्वर येऊन जातात, आणि ते सर्व त्या एका आघाताचे प्रायश्चित्त भोगतात! उलट अभंग संपून सभामंडप शांत झाला की डबी त्या शांततेलाही लहान स्वर समजते आणि तारांतील खरखर उचलून देवापुढे मांडते.

मग उपाय काय? तो रेझिस्टर काढून सुमारे ४७ किलोओहमचा बसवावा. अवधी अर्ध्या सेकंदावर येतो. शिवाय मूळचा न दाबलेला आवाज थोडा वेगळा नेऊन शेवटी त्यात मिसळावा, म्हणजे छेडण्याचा पहिला आघात जिवंत राहतो. डबी ९ व्होल्टवर चालते. डाग देता येणाऱ्या कोणत्याही रेडिओ-दुरुस्तकाचे हे एका दुपारचे काम. त्या तरुणाने ते करून घेतले आणि आमच्या ओसरीवर तोच अभंग वाजविला. चढ तो चढ होता, उतार तो उतार.

कोणी म्हणेल, वाद्यच मुळी परकीय. मग हार्मोनियम कोठली? तीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. पण तेवढ्या काळात आमच्या देवळांतील पेटी एक दिवस तरी मुकी होती काय? आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजविले, तेव्हा रागांचे काय बिघडले?

तरुणांनाही चार शब्द सुनावणे आम्हांस प्राप्त आहे. विकत आणलेली वस्तू जशी आली तशीच शिरोधार्य मानावी आणि तिची खुंटी शेवटपर्यंत पिळावी, ही आंधळी भक्ती होय. कीर्तनकार बुवा आवाज कोठे खाली आणतात आणि का आणतात, हे ज्याने ऐकले नाही, त्याच्या हाती कोणतेही यंत्र दिले तरी ते सर्व स्वर एकाच मापाचे कापील. यंत्राला देवळाची रीत शिकवावी लागते. ती शिकविण्याचे कष्ट वादकाचे.

समितीस आमची विनंती एवढीच: शिक्षेपूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकावे, हा न्यायाचा पहिला पाठ आहे. येत्या एकादशीस एक अभंग सुधारलेल्या डबीसह ऐकावा. तरीही भाव मेला असे वाटले, तर ठराव खुशाल कायम करावा. पण एका रेझिस्टरच्या अपराधासाठी देवळाच्या पायरीवरून एक तरुण परत गेला, तर तो पुन्हा येईलच, याची हमी कोण घेणार?