दप्तराची राखण कोणाकडे?

शाळेचे निकालपत्रक, पतसंस्थेचे खाते, सातबाऱ्याचा उतारा ही सारी दप्तरे आता संगणकात गेली आहेत. ती ज्या डेटाबेस सर्व्हरवर राहतात, त्याची उभारणी आज फारशी कठीण उरलेली नाही. पोस्टग्रेस्क्यूएलसारखी मातब्बर प्रणाली विनामूल्य मिळते आणि जाणकार माणूस ती तासाभरात चालू करून देतो. खरा प्रश्न उद्भवतो तो त्यानंतर, आणि नेमका तोच विचारला जात नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत जे घडले, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जगभरच्या प्रोग्रामरांचे काम ही कंपनी सांभाळते. तिच्या मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर त्या दिवशी मागे पडला होता. तो नव्याने भरण्यासाठी त्यावरील माहिती पुसण्याचा आदेश एका कर्मचाऱ्याने रात्री उशिरा दिला. तो गेला मुख्य सर्व्हरवर! आदेश थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते.

थकल्या माणसाच्या हातून असे व्हायचेच. चिंतेची बाब पुढेच आहे. रोजचा बॅकअप पाहू जाता कोठार रिकामे निघाले. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो अपयशी ठरत होता. तशी तक्रार तो ई-मेलने कळवीतही होता. परंतु त्या पत्रांवर प्रेषकाच्या सत्यतेची खूण नसल्याने ती स्वीकारलीच जात नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने एका माणसावर खापर न फोडता हा सारा वृत्तान्त प्रसिद्ध केला, हे तिच्या लौकिकास साजेसेच होय.

दुय्यम सर्व्हर असता बॅकअप हवा कशाला, असे पुष्कळांना वाटते. तथापि नक्कल करणारा चुकीचीही इमानाने नक्कल करतो. मुख्य सर्व्हरवर चुकून खोडलेली नोंद क्षणार्धात दुय्यमवरही खोडली जाते. उपाय आपल्या कारकुनांना जुनाच परिचित आहे. पोस्टग्रेस्क्यूएल प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग सवडीने खतावणीत उतरवितो. खतावणीची एक जुनी प्रत आणि तेव्हापासूनची अखंड रोजकीर्द अन्यत्र सुरक्षित असेल, तर चुकीच्या आदल्या क्षणापर्यंतचा हिशेब पुन्हा उभा करता येतो. मात्र ही रोजकीर्द बाहेर जतन करण्याची सोय मुळात बंद असते. ती कोणीतरी जाणून सुरू करावी लागते.

हा 'कोणीतरी' कोण, याचे उत्तर संस्थांनी द्यावयास हवे. यंत्र विकणारा ठेकेदार बिल घेऊन जातो. राखणदारीचे काम शाळेत संगणक-शिक्षकाच्या आणि कचेरीत एखाद्या हंगामी ऑपरेटरच्या गळ्यात पडते. या कामासाठी नाव घेऊन जबाबदार माणूस नेमावा आणि त्याला त्यासाठी वेळ द्यावा. दर तिमाहीस आदल्या रात्रीचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून दाखविण्याची अट निविदेतच घालावी. उतरविण्यास किती तास लागले आणि नोंदी जुळल्या की नाही, हे रजिस्टरात लिहून त्याखाली प्रमुखाने सही करावी.