भरपाई आणि विश्वास

स्वित्झर्लंडच्या निडवाल्डन प्रांतात, वेलेनबर्ग डोंगराच्या पोटात किरणोत्सारी कचरा साठविण्याची योजना होती. ब्रुनो फ्राय व फेलिक्स ओबरहोल्झर-जी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली तेथील रहिवाशांना विचारले, “हे कोठार आपल्या गावात चालेल काय?” ५०.८ टक्के लोकांनी होकार दिला. मग त्याच प्रश्नाला दरसाल भरपाईची जोड दिली गेली, तेव्हा होकार २४.६ टक्क्यांवर घसरला. रक्कम वाढवूनही नकार देणारे बधले नाहीत. आपण लाच घेणार नाही, असे त्यांच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे होते.

बाजारात भाव चढला की माल पुढे येतो. येथे उलटे घडले. देशाचा कचरा कोठेतरी ठेवावाच लागणार, या कर्तव्यबुद्धीने लोक भार उचलण्यास तयार होते. पैशाची बोली होताच त्या कर्तव्याचा सौदा झाला, आणि सौदा नाकारण्यास कोणालाही संकोच वाटत नाही. पुढे १९९५ व २००२ या दोन्ही जनमतांत मतदारांनी योजना फेटाळली.

नुकसानीची भरपाई न्याय्यच असते. परंतु विश्वास संपादन करण्यापूर्वी थैली पुढे केली, तर मिळणारा होकारही हातचा जातो. पेढीवर वावरणाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको.