शब्दाचें माप



येथील अभ्यास संपवून तुमच्यापैकीं पुष्कळ जण वाणिज्य शाखेकडे वळतात. पुढें कोणी दुकान घालतो, कोणी एखाद्या कंपनीचा माल खपविण्याची नोकरी धरितो. "सर, धंद्यांत खरें बोलून चालतें काय?" हा प्रश्न मला दरवर्षीं कोणी तरी विचारतोच. उत्तर देण्यापूर्वीं माझी स्वतःची एक चूक सांगणें मला प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक गृहस्थ उपासनेनंतर मजकडे आले. प्रत्येकानें पैसे भरून नवे सभासद मिळवावे, त्या सभासदांनीं आणखी मिळवावे, आणि खालच्यांच्या भरण्यांतून वरच्यांस वांटा मिळावा, अशी त्यांची योजना होती. बोलणें प्रार्थनेनें सुरू झालें व प्रार्थनेनेंच संपलें. मीं स्वतः पैसे भरले नाहींत. पण एका विधवा भगिनीनें विचारलें, तेव्हां "गृहस्थ आपल्यांतलेच आहेत" एवढें मीं सांगितलें. शिवणकाम करून तिनें सांठविलेली रक्कम त्या शब्दावर गेली व बुडाली. पुढें मीं ती हप्त्यांनीं भरून दिली. तिनें मला कधीं बोल लाविला नाहीं. मात्र आतां ती माझा सल्ला विचारीत नाहीं.

अशा साखळी योजनांस १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. परंतु अज्ञान हें माझें खरें पाप नव्हे. जी गोष्ट मीं तपासली नव्हती, तिला मीं मंडळीच्या नात्याची साक्ष जोडली. त्या गृहस्थांजवळ विकण्याजोगा माल नव्हताच. त्यांनीं आमचा एकमेकांवरील विश्वास विकला, आणि त्या विक्रींत मी दलाल झालों.

हा रोग केवळ मंडळीपुरता नाहीं. भांडुप येथें मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची हकीकत घरांतील वडील माणसांस विचारा. सप्टेंबर २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले, आणि आरंभीं खातेदारास अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एका बांधकाम समूहास दिलेलीं कर्जें लपविण्यासाठीं एकवीस हजारांहून अधिक खोटीं खातीं दाखविलीं होतीं, असें तपासांत पुढें आलें. जानेवारी २०२२ मध्यें ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली. फलक, शिक्के, हिशेबतपासनीस, सर्व जागच्या जागीं होतें. वहींतला शब्द तेवढा खरा नव्हता.

आतां उलट उदाहरण पाहा. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील बाजारीं घासाघीस हीच रीत होती. जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर अनुयायांनीं एकच भाव सांगण्याचें व्रत धरिलें. त्यांच्या वेगळ्या वागणुकीमुळें प्रथम पुष्कळांचीं गिऱ्हाइकें तुटलीं, असें फॉक्स यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. पुढें लोकांस अनुभव आला कीं, या दुकानीं लहान मूल धाडलें तरी त्याची फसवणूक होत नाहीं. मग गर्दी तेथेंच होऊं लागली. यावरून "खरेपणा किफायतीचा असतो" एवढाच बोध कोणी घेऊं नये. गिऱ्हाईक नव्हतें, त्या दिवसांतही ते खरे राहिले; किफायत त्यांस तेव्हां दिसत नव्हती.

आपल्याकडे मरोळ, गोराई येथील ईस्ट इंडियन घरांतून पावसाळ्यापूर्वीं मिरच्या व मसाले उन्हांत वाळवून, भाजून, कुटून बॉटल मसाला करितात. आतां तो घराबाहेरही विकला जातो. उद्यां तुमच्यापैकीं कोणी तो धंदा करील. "अस्सल, आजीच्या हातचा" असें चिठ्ठीवर छापणें सोपें आहे. पण मसाला गिरणींत दळला असेल तर तसें सांगा, आणि स्वस्त मिरची घातली असेल तर भाव उतरवा. फसव्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु "आजीच्या हातचा" या शब्दांचें माप घेण्यास निरीक्षक रोज दारीं येत नाहीं. तें माप तुम्हींच घ्यावयाचें आहे. बाटलीवर क्रूस छापूं नका, आणि मंडळीच्या यादींतील नांवें गिऱ्हाइकें म्हणून मोजूं नका. चूक झाल्यास गिऱ्हाइकाच्या ध्यानीं येण्यापूर्वीं तुम्हींच ती सांगा.

तर मग खरें बोलून धंदा चालतो काय? कधीं चालतो, कधीं बसतो. याची हमी मी देऊं शकत नाहीं. परंतु खोटें बोलून जो चालतो, त्यांत कोणा तरी शिवणकाम करणाऱ्या बाईची पुंजी असते. माझी इच्छा एवढीच आहे कीं, त्या भगिनीनें मला पुन्हा कधीं सल्ला विचारलाच, तर तुमच्यापैकीं एखाद्याच्या दुकानाचें नांव मला न कचरतां सांगतां यावें.