आधी प्रवेश की आधी पैसा?



जुलै-ऑगस्टात घरात पैसा नसतो. होता तेवढा बियाणे-खतात गेला. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीला. नेमका तेव्हाच पोरीचा इंजिनियरिंगला नंबर लागतो आणि जागा पक्की करायला मुदत मिळते दोन-चार दिवस. बँक म्हणते, प्रवेशाचे पत्र आणा. कॉलेज म्हणते, फी भरा. या हेलपाट्यात चांगले कॉलेज सुटते, नाहीतर बाप सावकाराची पायरी चढतो.

पीककर्ज मागताना 'आधी बोंड आणून दाखवा' असे कोणी म्हणत नाही. मग शिक्षणकर्जाची फाईल प्रवेशानंतरच का उघडावी? अमेरिकेत सरकारी विद्यार्थी-मदतीचा अर्ज पुढच्या वर्षासाठी ऑक्टोबरातच खुला होतो. एका अर्जात 20 कॉलेजांची नावे टाकता येतात. प्रवेश देणारे कॉलेज किती मदत, किती कर्ज ते कळवते. घरचे हिशेब करून निवडतात. अर्ज केला म्हणून कर्ज घ्यावेच लागत नाही. (तिथली पोरेही कर्जाने वाकली आहेत, ते वैभव आम्हाला नको. क्रम तेवढा हवा.)

आमची मागणी साधी आहे. बारावीच्या निकालाबरोबर तत्त्वतः मंजुरी द्या, कॉलेजचे नाव मागून भरू. साडेसात लाखांपर्यंतच्या बिनतारणी शिक्षणकर्जासाठी केंद्राची हमी योजना 2015 पासून आहे. तरी शाखेत सातबारा मागतातच! गाव आमच्या क्षेत्रात नाही म्हणून शिक्षणकर्ज नाकारू नका, असे रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना बजावले. नाकारायचे तर लेखी नाकारा. तोंडी नकार ऐकून आम्ही उठणार नाही.

बँकेने परत पाठवलेल्या पोरापोरींचे कागद घेऊन जिल्हा बैठकीला या.