बिघडल्यावर कोणाला बोलवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या गावांत डीटीपीच्या दुकानांत जी यंत्रे लग्नसराईला रात्रभर चालतात, त्यांतली कितीतरी या चाळणीतून खाली पडतात. अशा वेळी कोणीतरी सुचवतोच की लिनक्स टाका, पैसे लागत नाहीत, आणि पुस्तकाच्या जुळणीसाठी टेक आहेच.

सल्ला चुकीचा नाही. पण तो देणारा आपले बोलून निघून जातो आणि यंत्रापुढे दुकानदार उरतो. त्यामुळे या सल्ल्याच्या दोन्ही बाजू नीट तोलून पाहायला हव्यात.

टेक ही डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७-७८ मध्ये सुरू केलेली अक्षरजुळणीची प्रणाली. स्वतःच्या ग्रंथाची नवी प्रुफे इतकी कुरूप निघाली की त्याने लेखन बाजूला ठेवून आधी जुळणीचे साधन घडवले. लेस्ली लॅम्पोर्टने त्यावर लाटेक उभारले. आज गणित आणि भौतिकीचे शोधनिबंध बहुधा त्यातच लिहिले जातात. हिंगोलीचा याच्याशी संबंध अगदी थेट आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. लायगोला गुरुत्वीय लहरी सापडल्याचा फेब्रुवारी २०१६ चा निबंध लाटेकमध्येच जुळवला होता. म्हणजे ज्या तालुक्यातला डीटीपीवाला टेकचे नावही ऐकून नसेल, त्याच तालुक्यातून उद्या टेकमध्ये जुळवलेले निबंध जगभर जातील.

फरक एवढाच की वेधशाळेत संगणक सांभाळायला पगारी माणसे असतात.

लिनक्सवर टेक बसवणे हे काम दिसते त्यापेक्षा सोपे आहे, आणि ते अडते तिथे वाटते त्यापेक्षा अवघड. बसवण्याच्या वाटा दोन. उबंटू, डेबियन किंवा सी-डॅकचे डेबियनवर बेतलेले बॉस यांच्या स्वतःच्या भांडारातून टेक लाइव्ह घ्यायचे, किंवा टेक वापरकर्त्यांच्या संघटनेचा मूळ इन्स्टॉलर उतरवायचा. पहिली वाट सुरक्षित, पण आवृत्ती मागे असते. त्यात भाषांचे भाग वेगळे पॅकेज करून ठेवलेले असतात. मराठीसाठी लागणारे शब्दतोडीचे नियम 'इतर भाषा' नावाच्या गाठोड्यात आहेत, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. दुसऱ्या वाटेने सगळे ताजे मिळते. पण संपूर्ण संच सात-आठ जीबी जागा खातो, हजारो छोटी पॅकेजेस एकामागून एक उतरतात, आणि मधेच वीज किंवा नेट गेले की काम अर्ध्यावर थांबते. अशा वेळी इन्स्टॉलर जी प्रोफाइल फाइल मागे ठेवतो ती देऊन तिथूनच पुढे जाता येते. हे ठाऊक नसलेला माणूस सगळे पुसून पुन्हा सुरुवात करतो. तालुक्याच्या गावात त्याहून शहाणपणाचे म्हणजे आयएसओ फाइल चांगले नेट असेल तिथे एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर आणणे.

इन्स्टॉलर 'वेलकम टू टेक लाइव्ह' म्हणतो आणि पहिलीच आज्ञा दिली की टर्मिनल सांगते, 'कमांड नॉट फाउंड'. काही बिघडलेले नसते. मूळ इन्स्टॉलर सगळे यूएसआर-लोकलखालच्या वर्षाच्या नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि त्याचा पत्ता पाथमध्ये आपण लिहायचा असतो. ती एक ओळ न लिहिल्यामुळे लिनक्सला नावे ठेवून परत फिरलेले कितीतरी. याच्या उलट गोंधळ दोन्ही वाटा एकाच यंत्रावर चालून पाहिल्या की होतो. मग एक टेक भांडारातले, एक मूळचे. नवे पॅकेज एकात टाकायचे आणि चालायचे दुसरेच. तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: नेमके कोणते झेलाटेक (युनिकोड टाइप चालवणारे लाटेकचे रूप) चालते आहे? 'व्हिच' ही आज्ञा एका ओळीत उत्तर देते. वर्ष बदलले की टेकचा पॅकेज-व्यवस्थापक अद्ययावत व्हायला नकार देतो, कारण नव्या वर्षाचे भांडार जुन्या वर्षाच्या संचाला चालत नाही. त्याचा अर्थ नवा संच बसवा एवढाच, पण तो निरोप वाचणाऱ्याला धमकीसारखा वाटतो.

मराठीचे दुखणे याच्या पुढे सुरू होते. मूळ टाइपात देवनागरी अक्षरेच नसतात, आणि टेक त्याबद्दल थांबून आरडाओरडा करत नाही. पीडीएफ तयार होते, पाने कोरी. कारण लॉग फाइलमध्ये असते, 'मिसिंग कॅरेक्टर'च्या लांबच लांब रांगांत. टाइप दिला, पण लिपी देवनागरी असल्याचे सांगितले नाही, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. लुआलाटेक या तशाच दुसऱ्या रूपात हार्फबझ हे अक्षरे घडवणारे इंजिन निवडावे लागते, नाहीतर तसलाच घोळ. पहिल्यांदा चालवताना लुआलाटेक यंत्रावरच्या सगळ्या टाइपांची यादी बनवते. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर त्याला मिनिटामागून मिनिटे लागतात आणि पडद्यावर काहीच हलत नाही. यंत्र अडकले समजून लोक बटण दाबून बंद करतात. पुढच्या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून.

भाषा मराठी असल्याचे सांगायचे राहिले तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटू शकतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला आहे. आयआयटी मुंबईच्या शोभिकासारख्या मुक्त टाइपाने किंवा मराठीसाठी घडवलेल्या इतर टाइपांनी हे काम होते, फक्त ते मागावे लागते.

एवढे जुळले की मात्र टेकची जात कळते. तीनशे पानांच्या पुस्तकात पृष्ठांक, तळटीपा, सूची, संदर्भ आपोआप जागेवर बसतात. एक परिच्छेद वाढला म्हणून पुढची सगळी पाने हाताने सरकवावी लागत नाहीत. आणि फाइल साध्या युनिकोड मजकुराची असल्याने वीस वर्षांनीही कशातही उघडते.

हिंगोलीसाठी याचे एक चांगले उदाहरण नर्सीचे, म्हणजे संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या इथल्या गावाचे आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांवर मराठीत पुस्तक काढायचे तर गुरुमुखी आणि देवनागरी एकाच पानावर, कधी एकाच ओळीत लागते. जुन्या टाइपांच्या पद्धतीत दोन्ही लिप्या आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतात. टाइप चुकून बदलला की गुरुमुखी ओळ देवनागरीतली निरर्थक अक्षरे होऊन बसते, आणि प्रुफे पाहणाऱ्याला गुरुमुखी येत नसेल तर चूक तशीच छापली जाते. युनिकोडमध्ये ही चूक होऊच शकत नाही, कारण प्रत्येक लिपीला स्वतःची जागा आहे.

आता दुसरी बाजू. ती जुनाट माणसांची कुरकुर म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

दुकानाचे पोट पुस्तकांवर चालत नाही. ते लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले, हळदीच्या आडतीची बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि निवडणुकीत पत्रके यांवर चालते. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसते आणि सांगते, आजोबांचे नाव थोडे वर घ्या, गणपती जरा मोठा करा. हे काम कोरलड्रॉ आणि पेजमेकरमध्ये डोळ्यांसमोर होते. टेकमध्ये आज्ञा लिहून, पीडीएफ काढून, पाहून पुन्हा लिहायचे. पत्रिकेसाठी तो मार्ग सुचवणारा माणूस कधी दुकानात बसलेला नसावा. (टेकमध्ये पत्रिका करता येते असे सांगणारे भेटतात. करता येते. करू नये.)

शिवाय हात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर बसलेला हात इनस्क्रिप्टवर आणायला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत पैसे कमी मिळतात. श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले, तेही यूएसबीच्या कुलपासह. त्याचा ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेला, लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारा थर) घालूनही तो चालेल अशी आशा धरू नये. आणि दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या फाइली आहेत. दरवर्षी तारीख बदलून तीच पावती छापणारे गिऱ्हाईक हाच खरा धंदा. रूपांतराची साधने आहेत, पण ऱ्य, रफार आणि क्वचित येणारी जोडाक्षरे यांच्यात ती चुकतात, म्हणजे सगळे पुन्हा वाचणे आले. प्लेट काढून देणाऱ्याने कोरलचीच फाइल मागितली तर वाद घालून उपयोग नसतो.

आणखी एक अडचण फार बोलली जात नाही. सरकारी कचेरीतून आलेली वर्डची फाइल मंगल टाइपात असते. र. कृ. जोशी यांनी रेखलेला हा टाइप विंडोजबरोबर येतो, लिनक्समध्ये नसतो. तिथे त्याऐवजी लोहित किंवा दुसरे काही लागते, अक्षरांची रुंदी बदलते आणि चार पानांचा मसुदा साडेचार पानांचा होतो. कचेरीतला कारकून म्हणतो, तुमच्या संगणकात काहीतरी गडबड आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर ती आहेच.

अगदी जुन्या ३२-बिट यंत्रांची आशा तर लिनक्सनेही सोडत आणली आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. जुने यंत्र वाचवायला लिनक्स, हे वाक्य आता सरसकट म्हणता येत नाही.

मग हे कुठे जमले आहे का? केरळात 'जनयुगम' या मल्याळम दैनिकाने २०१९ मध्ये विंडोज आणि पेजमेकर सोडून लिनक्स आणि स्क्रायबसवर पाने लावायला सुरुवात केली. टेक नव्हे, स्क्रायबस, हे लक्षात घ्यावे. वर्तमानपत्राच्या पानाला डोळ्यांसमोर मांडणी लागते. जुन्या टाइपांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने मल्याळम स्वयंसेवकांनी आधीच करून ठेवली होती, कर्मचाऱ्यांना शिकवले गेले, आणि अडले तर हाक मारण्याच्या अंतरावर जाणकार होते. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकले त्यामागेही शिक्षकांचे प्रशिक्षण होते. आपल्याकडे २००७ साली बॉस आले, टाइपही आले, पण कळमनुरीत ते अडले तर कोणाला बोलवायचे हे कोणी ठरवले नाही. आमच्या मते निर्णयाचा काटा इथेच आहे. प्रणाली किती चांगली यापेक्षा ती बिघडल्यावर दुकान किती दिवस बंद राहते हे मोजले पाहिजे. लग्नसराईत एक दिवसही परवडत नाही.

म्हणून सगळे दुकान एका रात्रीत लिनक्सवर नेण्याच्या बाजूने आम्ही नाही. पत्रिका, बिलबुके आणि जुन्या फाइली ज्या यंत्रावर चालतात त्यावरच राहू द्याव्यात. त्या यंत्राचे नेट मात्र काढून टाकावे आणि येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासावा, कारण देखभाल संपलेल्या विंडोजला तोच खरा धोका आहे. दुसऱ्या, ६४-बिट यंत्रावर लिनक्स घालावे आणि नवी पुस्तके, प्रश्नसंच, शोधप्रबंध त्यावर युनिकोडमध्येच सुरू करावेत. ज्यात सूत्रे, तळटीपा, दोन लिप्या किंवा दीडशेच्या वर पाने आहेत ते टेकमध्ये; बाकीचे स्क्रायबस किंवा लिब्रेऑफिसमध्ये. यात दोन यंत्रांचा आणि दोन सवयींचा खर्च आहे. ज्याच्याकडे वर्षाला एखादेच पुस्तक येते त्याने तो करू नये, असेही आम्ही म्हणू.

या वाटेत एक पाऊल दुकानदाराच्या हातातले नाही. हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाने मराठी प्रबंधासाठी लाटेकचा तपासलेला साचा दिला, टाइप, लिपी आणि भाषेच्या ओळी आधीच लिहिलेला, तर वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या उद्भवणारच नाहीत. त्याबरोबर प्रत्येक तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात टेक लाइव्हची चालू वर्षाची आयएसओ ठेवावी, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी दोघांना दुकानात जाऊन यंत्र दुरुस्त करण्याचे मानधन द्यावे. या कामाला २,६०० कोटी लागत नाहीत. परीक्षा विभागाच्या छपाईखर्चातला एक कोपराही पुरेल. हे मानधन विद्यापीठाने द्यायचे की दुकानदारांनी वर्गणी काढून, यावर मतभेद होतील. सुरुवातीची दोन वर्षे ते विद्यापीठाने द्यावे असे आम्हाला वाटते, कारण प्रबंध त्याचे आहेत.