आजारी आईबापांचीं मुलें

घरांत कोणास विषमज्वर झाला तर आपण शेजाऱ्यांस सांगतों, शाळेंत चिठी पाठवितों, मुलांच्या जेवणाची व्यवस्था लावतों. त्याच घरांतील आईचें किंवा वडिलांचें मन आजारी पडलें तर मात्र आधीं खिडक्या लावून घेतों. खिडक्या लावल्यानें बाहेरच्यांस कांहीं दिसत नाहीं, हें खरें. परंतु आंत जें मूल राहिलें त्याचें काय होतें, हा प्रश्न आमच्या मनांत फार उशिरां आला. तो कसा आला, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांत आमचीच चूक असल्यामुळें तें सांगणें आम्हांस अधिकच प्राप्त आहे.

आमच्या शिक्षकीचा पुष्कळ काळ भांडुपास गेला. १८४३ सालीं सरकारी इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे भांडुपास आले असतां मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग न्यावा अशी कल्पना त्यांस सुचली, आणि १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धावली, हा इतिहास आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. त्याच मार्गानें आमच्याच वर्गांतला एक मुलगा दर महिन्यास आपल्या आईचा हात धरून ठाण्यास औषधासाठीं जात असे, हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें.

हा मुलगा आठवींत होता. पहिला तास संस्कृताचा, आणि हा रोज दहा-पंधरा मिनिटें उशिरां येई. आम्हीं त्यास पंधरा दिवस वर्गाबाहेर उभें केलें. एकदां कारण विचारलें, तेव्हां खालीं पाहून म्हणाला, "भात लावला होता, सर." मुलें हंसलीं. आम्हीही म्हणालों, "मग आई काय पारायणास बसली आहे?" वर्ग पुन्हा हंसला. तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्ही शब्दरूपांकडे वळलों.

गेल्या पावसाळ्यांत भांडुपच्या फलाटावर तो आम्हांस भेटला. केंस पिकूं लागलेले, खांद्याला पिशवी, शेजारीं वृद्ध आई. "आई, हे आमचे संस्कृताचे सर," असें त्यानें सांगतांच तिनें नमस्कार केला आणि विचारलें, "अभ्यास करतो ना?" गाडीस उशीर होता. तेवढ्या वेळांत त्यानें जें सांगितलें तें असें: शेजारी आपल्या पाण्यांत विष कालवितात, अशी त्याच्या आईची तेव्हां खात्री झाली होती. वडील कारखान्यांत रात्रपाळीस. पहांटे नळाला पाणी आलें कीं हा उठे, पाणी भरी, आईच्या देखत आधीं स्वतः एक भांडें पिऊन दाखवी, मग भात टाकी. तरच ती दोन घांस खाई. आजी म्हणे, हा कुलस्वामिनीचा कोप. आणि सर्वांची ताकीद एकच: "बाहेर बोलूं नको, ताईचें लग्न व्हायचें आहे."

आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "नाहीं सर, बाहेर उभें राहावयास मला बरें वाटे. तेवढा वेळ मला कोणाकडे बघावें लागत नसे."

तेरा वर्षांच्या मुलास शिक्षा हीच विश्रांति वाटावी, याचा दोष एका मास्तराचा खराच. पण तो एकट्या मास्तराचा नव्हे. त्या भेटीनंतर आम्हीं ह्या विषयावर जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, त्याचा सारांश येथें देतों.

अशा घरांतील मुलांच्या मनांत तीन समजुती मूळ धरतात. पहिली, हें माझ्यामुळें झालें. मी हट्ट केला, मी नापास झालों, म्हणून आई अशी झाली, असें लहान मूल सहज मानतें; कारण त्याच्या जगांत सर्व गोष्टींचें कारण तेंच असतें. ही समजूत केवळ गप्प बसून जात नाहीं. ती शब्दांनीं काढावी लागते. दुसरी, हें मलाच सांभाळावयाचें आहे. असें मूल फार शहाणें दिसतें, पाहुणे त्याचें कौतुक करतात, आणि त्या कौतुकाखालीं त्याचें बाळपण संपून जातें. तिसरी समजूत तारुण्यांत येते व ती सर्वांत भयंकर: मलाही असेंच होणार. येथें खरा हिशेब सांगणें हेंच औषध आहे. स्किझोफ्रेनिया हा रोग सर्वसाधारण लोकांत सुमारें शंभरांत एकास होतो. आई किंवा वडील यांपैकीं एकास तो असल्यास मुलास होण्याचा संभव सुमारें दहांत एक इतका असतो. म्हणजे वाढ आहे, ती नाकारूं नये. पण दहांपैकीं नऊ मुलांस तो होत नाहीं, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगावें.

कोप, करणी, पूर्वजन्मींचें पाप, ह्या गोष्टी आपल्या सुशिक्षित घरांतूनही अजून कानीं पडतात. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं चरकानें उन्मादास निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिले आहेत. त्यानें उन्मादाचे पांच प्रकार केले. त्यांतील एक आगंतुक, म्हणजे भूतादिकांमुळें होणारा मानला, पण उरलेले चार वातादि दोषांचे, अर्थात् शरीराचेच, मानले. प्रिय वस्तूच्या नाशानें ज्याचें मन बिघडलें त्यास धीर द्यावा, सांत्वन करावें, असेंही तो सांगतो. त्या काळीं मिळालें नव्हतें तें औषध आतां मिळालें आहे. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांत जॉन केड यांनीं लिथियमचा उपयोग दाखविला, १९५२ सालीं फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांस देण्यांत येऊं लागलें, आणि आयुष्यभर कोंडून ठेवावें लागणारीं माणसें घरीं राहूं लागलीं. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासूनचें. त्याच ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था काढली. भांडुपाहून हें सारें लोकलनें कांहीं मिनिटांच्या अंतरावर आहे. अंतर आहे तें आपल्या उंबऱ्यापासून स्थानकापर्यंतचें.

तें अंतर ज्यांनीं तोडलें त्यांचीं दोन उदाहरणें देतों. माहीमचे लेखक जेरी पिंटो यांचें बाळपण मनोरुग्ण आईच्या सहवासांत गेलें. त्या अनुभवावर त्यांनीं इंग्रजींत कादंबरी लिहिली. ती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली व तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनीं ती मराठींत आणली आहे. तींत आई हंसविते, घायाळ करते, मरूं पाहते, आणि तरीही ती आईच राहते. दुसरें उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचें. ते कॅनडांतील कॅलगरी येथें प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारानें खचून न जातां त्यांनीं पुण्यांत ह्या रोगाविषयीं जागृति करणारी संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला आणि 'देवराई' ह्या २००४ च्या चित्रपटास पाठबळ दिलें. ह्या दोघांनीं घरचें दुःख चव्हाट्यावर मांडलें असें कोणी म्हणेल. आमच्या मतें त्यांनीं खिडकी उघडली.

आतां एकत्र कुटुंबाकडे वळूं. हें कुटुंब अशा वेळीं मोठें वरदान ठरूं शकतें, कारण मुलास जेवूं घालणारे दुसरे दोन हात घरांतच असतात. पण तेंच कुटुंब, "माहेरचेंच वेड घेऊन आली" असें म्हणूं लागलें, कीं आजारी सुनेपेक्षां तिच्या मुलाचे हाल अधिक होतात. कारण तें बोलणें ऐकणारें तेंच असतें. आमची सूचना साधी आहे. घरांतील एका कर्त्या माणसानें, आजीनें, काकूनें किंवा काकानें, मुलास जवळ बसवून सांगावें: "तुझ्या आईचें मन आजारी आहे. तें तुझ्यामुळें झालेलें नाहीं. डॉक्टरांचें औषध चालू आहे. तिची काळजी घेण्यास आम्ही मोठीं माणसें आहों. तुला भीति वाटली तर मध्यरात्रींही माझ्याकडे ये." औषधाच्या वेळा मोठ्यांनीं पाळाव्या, बरें वाटतें म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून औषध बंद करूं नये. आई मरणाची भाषा बोलूं लागली तर तें नाटक समजूं नये; तिला एकटी न ठेवतां त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी टेलिमानस दूरध्वनि विनामूल्य चालू आहे. तो क्रमांक मुलाच्या वहींतही लिहून द्यावा. आणि शाळेस सांगावें. सर्व वर्गास नव्हे, एका शिक्षकास.

लग्नें जुळण्याची चिंता आम्ही जाणतों. आमच्याही घरांत मुली आहेत. पण त्या विद्यार्थ्याच्या ताईचें काय झालें, तें त्यानें जातां जातां सांगितलें. लग्न जुळलें, आईचा आजार सासरीं दोन वर्षें लपविला, कळला तेव्हां त्यांस राग आला तो आजाराचा नव्हे, लपविल्याचा. आज तीच सासूबाई विहिणीस दिवाळीचा फराळ पाठविते.

आमच्या शिक्षकबंधूंस एकच विनंति करून हें लांबलेलें टिपण पुरें करतों. मूल उशिरां आलें तर त्यास आधीं आंत घ्यावें. कारण मग विचारावें, तेंही एकांतांत. आणि "भात लावला होता" असें उत्तर आलें तर हंसूं नये. गाडी आली तेव्हां त्या मुलानें आधीं आईस डब्यांत चढविलें, मग आम्हांस वांकून नमस्कार केला. तो स्वीकारतांना आमचा हात वर झाला नाहीं.